उच्च-एन्ट्रॉपी ऑक्साइडची फिल्म खरंच स्पिन-ग्लास आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: क्रोमियम, मँगनीज, लोह, कोबाल्ट आणि निकेल समप्रमाणात घेऊन केलेल्या स्पिनेल (ऑक्सिजनच्या चौकटीत धातूंना दोन प्रकारच्या जागा देणारी स्फटिकरचना) ऑक्साइडची ४० नॅनोमीटर जाडीची फिल्म पीएलडीने, म्हणजे लेसरच्या ठोक्यांनी ‘टार्गेट’ नावाच्या गोळीची वाफ करून, ६०० अंश सेल्सिअसला, मॅग्नेशियम ऑक्साइडच्या (००१) सबस्ट्रेटवर, म्हणजे खाली आधाराला ठेवलेल्या स्फटिकावर, वाढवली आहे. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) सबस्ट्रेटच्या शेजारी फिल्मचं एकच शिखर दिसतं. स्क्विडमध्ये (अतिसूक्ष्म चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रात) ३०० केल्विनला लूप (क्षेत्र वाढवत-उतरवत काढलेला चुंबकनाचा वक्र) मिळतो, पण ५ टेस्लालाही तो संपृक्त होत नाही, म्हणजे सपाट होत नाही, आणि चुंबकन हिशेबाच्या जेमतेम निम्मं भरतं. १०० एर्स्टेडमध्ये मोजलेले झेडएफसी (क्षेत्राशिवाय थंड करून) आणि एफसी (क्षेत्रात थंड करून) वक्र एकमेकांपासून फाटतात, आणि ५० केल्विनच्या आसपास एक उंचवटा दिसतो. निष्कर्ष काढलाय तो असा: ‘उच्च एन्ट्रॉपीमुळे अव्यवस्था, अव्यवस्थेमुळे स्पिन-ग्लास.’ म्हणजे पाच धातू कसेही मिसळले, म्हणून अणूंचे स्पिन (त्यांचे छोटे चुंबकी बाण) वाटेल त्या दिशांना गोठले. हे लिहून पाठवावं का?

इतक्यात नको. तुमच्या सगळ्याच निरीक्षणांची साधी कारणं असू शकतात, आणि त्यांतल्या एकालाही एन्ट्रॉपीची गरज नाही. ती कारणं बाजूला केल्यावर जे उरेल, त्यावर पेपर लिहा.

उंचवट्यापासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यात लवकर निकालात निघतो. घन ऑक्सिजन स्वतः चुंबकी असतो. तो ५४ केल्विनला वितळतो, ४४ केल्विनच्या जवळ त्याची एक रचना बदलून दुसरी होते, आणि त्या बदलाची खूण स्क्विडमध्ये ४० ते ५० केल्विनच्या पट्ट्यात हमखास उमटते. नमुन्याच्या कप्प्यात थोडी हवा राहिली, किंवा तुम्ही फिल्म ज्या प्लास्टिकच्या स्ट्रॉत बसवली तिच्यात हवा अडकली, की झालं. नमुना पुन्हा खोलीच्या तापमानाला आणा, कप्पा हेलियमने तीन-चार वेळा धुवा, स्ट्रॉला टाचणीने दोन-तीन भोकं पाडा आणि परत मोजा. उंचवटा गेला किंवा लहान झाला, तर तो तुमच्या फिल्मचा नव्हता. फार नाजूक सिग्नलच्या फिल्म्सवर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हा उंचवटा एकदा तरी ‘शोधलेला’ असतो. मीही शोधला होता, आणि त्यावर दोन आठवडे खूशही होतो.

आता आकडे मांडू. फिल्म ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटर धरली, तर ४० नॅनोमीटर जाडीला तिचं आकारमान एका घन सेंटिमीटरचा दहा लाखावा भाग होतं. खाली सांगितलेल्या हिशेबाने चुंबकन ३०० ईएमयू (चुंबकी आघूर्णाचं एकक) प्रति घन सेंटिमीटर धरलं, तर पूर्ण फिल्मचा सिग्नल ०.०००३ ईएमयू. तिच्याखाली अर्धा मिलिमीटर जाडीचा मॅग्नेशियम ऑक्साइड आहे. तो डायमॅग्नेटिक असल्याने उलट्या दिशेने सिग्नल देतो, आणि ५ टेस्लाला तो साधारण ०.०००५५ ईएमयू भरतो. म्हणजे जास्त क्षेत्रात तुम्ही मोजताय त्यातला मोठा वाटा सबस्ट्रेटचा. ही पार्श्वभूमी सरळ रेष समजून वजा करताना उताराचा अंदाज दहा टक्के चुकला, तरी ५ टेस्लाच्या चुंबकनात सुमारे ५५ ईएमयू प्रति घन सेंटिमीटरची चूक येते. लूप ‘संपृक्त होत नाही’ असं दिसायला एवढं पुरतं. त्यातून मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकात लोहासारख्या धातूंच्या अशुद्धी असतात, त्यांचा पॅरामॅग्नेटिक, म्हणजे क्षेत्राच्याच दिशेचा, वाटा कमी तापमानाला वाढत जातो आणि रेष सरळ राहत नाही. त्याच डब्यातला, त्याच तुकड्यातून कापलेला, त्याच तापमानातून आणि त्याच ऑक्सिजन दाबातून नेलेला रिकामा सबस्ट्रेट मोजणं हाच उपाय. कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा कामाचा नाही.

दुसरी एक गंमत. ०.००००१ ईएमयूचा खोटा लूप द्यायला धातुरूप लोहाचा २० मायक्रॉनचा कण पुरतो. केसाच्या जाडीपेक्षाही तो लहान. स्टीलचा चिमटा सबस्ट्रेटच्या कडेवर घासला, तरी असा कण लागतो. तुमचा सिग्नल हिशेबाच्या निम्मा धरला तरी याच्या पंधरापट असल्याने लूप मुळात खोटा असेल असं मला वाटत नाही, पण पुढे याच फिल्मच्या ५ नॅनोमीटरच्या आवृत्त्या करणार असाल तर आजच टायटॅनियमचा किंवा प्लास्टिकचा चिमटा घ्या.

पार्श्वभूमी नीट वजा करूनही लूप संपृक्त झाला नाही, तर मी पहिला संशय सबस्ट्रेट आणि फिल्म यांच्या नात्यावर घेईन. मॅग्नेशियम ऑक्साइडचा जालक स्थिरांक (स्फटिकाच्या एका घराची बाजू) ४.२१२ अँगस्ट्रॉम, त्याच्या दुप्पट ८.४२४. तुमच्या स्पिनेलचा पूड-नमुन्यातला स्थिरांक सुमारे ८.३६. फरक एक टक्क्याहून कमी, म्हणून सगळेजण हा सबस्ट्रेट उचलतात. पण दुप्पट म्हणजे काय, ते पाहा. स्पिनेलचं एक घर सबस्ट्रेटच्या अनेक घरांवर पसरतं, आणि फिल्मची बेटं वाढायला लागतात तेव्हा प्रत्येक बेटाला आपली सुरुवात कुठून करायची याचे एकापेक्षा जास्त तितकेच चांगले पर्याय असतात. दोन बेटं एकमेकांना भिडली की ऑक्सिजनची रांग बिनधोक पुढे चालू राहते, पण धातूंच्या रांगा अर्ध्या पावलाने चुकलेल्या असतात. त्या सीमेला अँटिफेज सीमा म्हणतात. सीमेच्या पलीकडे-अलीकडे अष्टफलकी (सहा ऑक्सिजनने वेढलेल्या) जागांवरचे धनायन, म्हणजे धातूंचे आयन, मधल्या ऑक्सिजनमधून थेट समोरासमोर येतात, त्यांच्यात जोरकस अँटिफेरोमॅग्नेटिक (शेजाऱ्याला उलट वळवणारी) जोडणी होते आणि दोन्ही बाजूंचे स्पिन एकमेकांविरुद्ध अडून बसतात. मॅग्नेशियम ऑक्साइडवर वाढवलेल्या साध्या मॅग्नेटाइटच्या फिल्म्स ७ टेस्लालाही संपृक्त होत नाहीत, हे १९९७ पासून माहीत आहे. त्यात लोह आणि ऑक्सिजन सोडून काहीही नाही, उच्च एन्ट्रॉपी वगैरे तर दूरच. तेव्हा संपृक्त न होणं ही या सबस्ट्रेटवरच्या स्पिनेलची जुनी सवय आहे. पाच धातूंना त्यासाठी जबाबदार धरण्याआधी हे तपासावं लागेल.

तपासायचं कसं? जाडी बदलून. अँटिफेज सीमांची दाटी जाडीबरोबर कमी होत जाते. २०, ४०, ८० आणि १६० नॅनोमीटरच्या चार फिल्म्स करा. संपृक्तता जाडीबरोबर सुधारली, तर उत्तर मिळालं. शक्य असेल तर एक फिल्म स्पिनेल सबस्ट्रेटवरही करा. मॅग्नेशियम अॅल्युमिनेटचा स्थिरांक ८.०८ आहे, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त दाब येईल, फिल्म लवकर सैल पडेल आणि दोष वेगळ्या वाटेने येतील. मॅग्नेशियम गॅलेटचा ८.२८ बराच जवळचा. मिळायला कठीण आणि महाग, पण एक तुकडा पुरतो.

६०० अंश हाही आकडा मला खटकतो. मॅग्नेशियम ऑक्साइडवरच्या मॅग्नेटाइटच्या फिल्म्समध्ये ४०० अंशांच्या वर गेलं की मॅग्नेशियम सबस्ट्रेटमधून फिल्ममध्ये चढायला लागतं. त्याला स्पिनेलमध्ये अष्टफलकी जागा आवडते आणि ते बिनचुंबकी आहे. म्हणजे तुमची पाच धातूंची फिल्म खालच्या बाजूला गुपचूप सहा धातूंची झालेली असू शकते. चुंबकन निम्मं येण्यात याचा वाटा किती, हे खोलीनुसार रचना मोजल्याशिवाय, म्हणजे सिम्स (थर खरवडत आयन मोजणं) किंवा स्टेममधल्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या) ईडीएसशिवाय (मूलद्रव्यं ओळखणाऱ्या मोजणीशिवाय), सांगता येणार नाही.

आता एक्सआरडीतलं ते एकच शिखर. तांब्याच्या किरणांना मॅग्नेशियम ऑक्साइडचं (००२) शिखर ४२.९ अंशांवर येतं. ताणलेल्या तुमच्या स्पिनेलचं (००४) साधारण ४३.५ वर असेल. पण निकेल ऑक्साइडचं (००२) ४३.३ वर येतं, आणि निकेल, कोबाल्ट, मँगनीज मिसळलेलं रॉकसॉल्ट (मिठाच्या स्फटिकासारख्या रचनेचं) ऑक्साइड त्याच गर्दीत कुठेही बसू शकतं. ऑक्सिजनचा दाब थोडा कमी पडला की निकेलला स्पिनेलपेक्षा रॉकसॉल्ट सोयीचं वाटतं. सबस्ट्रेटही रॉकसॉल्टच, त्यामुळे अशी बेटं त्याच्याशी अगदी एकरूप होऊन वाढतात आणि थीटा-दोन थीटा (एक्सआरडीच्या नेहमीच्या) मोजणीत लपतात. ‘एकच शिखर म्हणून एकच फेज’ हे वाक्य या सबस्ट्रेटवर लिहूच नये. ज्या परावर्तनांना रॉकसॉल्टमध्ये परवानगी नाही आणि स्पिनेलमध्ये आहे ती शोधा: (२२०), (३११), (५११). विशेषतः (११५) भोवतीचा व्यस्त-अवकाश नकाशा काढा, म्हणजे फिल्म सबस्ट्रेटशी पूर्ण ताणलेली आहे की सैल पडली आहे, तेही एकाच मोजणीत कळतं. मग त्या परावर्तनाची तीव्रता (००४) च्या तुलनेत हिशेबाप्रमाणे आहे का, ते बघा. कमी असेल, तर (००४) मध्ये रॉकसॉल्टचा वाटा आहे किंवा धनायनांची जागावाटणी तुम्ही समजता तशी नाही.

आणि जागावाटणी हाच माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

स्पिनेलच्या एका घरात ३२ ऑक्सिजन, ८ चतुष्फलकी (चार ऑक्सिजनने वेढलेल्या) जागांवर धातू आणि १६ अष्टफलकी जागांवर धातू. पंगतीत पाट दोन प्रकारचे मांडलेत आणि पाहुणे पाच जातींचे आलेत. ‘उच्च एन्ट्रॉपी’ म्हणजे कोणीही कुठेही बसलं तरी चालेल, असा आपला समज. प्रत्यक्षात क्रोमियम तीन-धन (+३ भाराचं) अष्टफलकी पाट सोडून उठत नाही, आणि निकेल दोन-धन जवळपास तसंच. कोबाल्ट दोन-धनाला चतुष्फलकी पाट चालतो. लोह तीन-धनाला पाच डी-इलेक्ट्रॉन, त्याला दोन्हीकडे सारखंच, ते उरलेली जागा भरतं. २०२२ साली याच रचनेच्या पूड-नमुन्याचा न्यूट्रॉन विवर्तन, मॉसबाउअर (लोहाची गॅमा-किरण मोजणी) आणि एक्सएमसीडी (ध्रुवित क्ष-किरणांनी एकेका मूलद्रव्याचं चुंबकत्व मोजणं) यांनी मिळून कसून अभ्यास झाला. त्यात निघालेली वाटणी अशी: चतुष्फलकी जागांवर कोबाल्ट ६० टक्के आणि लोह ४० टक्के, अष्टफलकी जागांवर क्रोमियम, मँगनीज आणि निकेल प्रत्येकी ३० टक्के आणि लोह १० टक्के. पाचांपैकी तिघे चतुष्फलकी बाजूला पायही ठेवत नाहीत.

आता एन्ट्रॉपीचा हिशेब स्वतः करून पाहा. पाच धातू पूर्ण बेशिस्त मिसळले, तर प्रत्येक मोल धनायनांमागे ५ चा नैसर्गिक लॉगरिदम गुणिले वायू स्थिरांक, म्हणजे त्या स्थिरांकाच्या १.६१ पट. वरच्या वाटणीने हिशेब केला, तर चतुष्फलकी बाजूचे ०.६७ आणि दोन अष्टफलकी जागांचे मिळून २.६३. बेरीज ३.३०, तीन धनायनांत वाटली की १.१०. मिश्रधातूंच्या जगातून आलेली रूढ व्याख्या १.५ च्या वर असेल तरच ‘उच्च’ म्हणते. म्हणजे या पदार्थाच्या नावातला ‘उच्च’ शब्दच काटेकोरपणे लागू होत नाही! नाव बदला असं मी म्हणत नाही, ते आता रुळलंय. पण निष्कर्ष त्या नावातून काढू नका.

चुंबकत्वासाठी याचा अर्थ काय? स्पिनेलमध्ये सगळ्यात जोरकस जोडणी चतुष्फलकी धातू, ऑक्सिजन, अष्टफलकी धातू या साखळीची, आणि इथल्या धातूंत ती सर्वसाधारणपणे अँटिफेरोमॅग्नेटिक असते. साखळीच्या टोकांना कोबाल्ट-क्रोमियम असो की लोह-निकेल, जोर बदलतो, दिशा बदलत नाही. म्हणून एका जातीच्या सगळ्या जागा एकीकडे आणि दुसऱ्या जातीच्या सगळ्या विरुद्ध, अशी व्यवस्था अव्यवस्थेतही टिकते. स्पिन-ग्लास व्हायला नुसती अव्यवस्था पुरत नाही, त्यासाठी दिशांची भांडणं लागतात. एकाच स्पिनला एक शेजारी वर म्हणतो आणि दुसरा खाली, अशी. पूड-नमुन्यात हा पदार्थ सुमारे ४०० केल्विनपर्यंत दूरवर सुसंगत फेरीमॅग्नेट (दोन विरुद्ध बाजू असमान, म्हणून काही चुंबकन उरणारा) असतो, त्याचं कारण हेच.

या क्षेत्राची सुरुवात ज्या पदार्थाने झाली तो आठवा. २०१५ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या ख्रिस्टिना रोस्ट, जॉन-पॉल मारिया आणि सहकाऱ्यांनी मॅग्नेशियम, कोबाल्ट, निकेल, तांबं आणि जस्त यांची ऑक्साइडं समप्रमाणात मिसळली. ८५० ते ९०० अंशांच्या दरम्यान ती सगळी मिळून एकच रॉकसॉल्ट झाली, थंड करताना त्या तापमानाच्या खाली ठेवली की पुन्हा फुटली, आणि परत तापवली की परत एक झाली. जस्त ऑक्साइड एरवी वुर्ट्झाइट रचनेचं, तांब्याचं मोनोक्लिनिक, तरी दोघं मुकाट रॉकसॉल्टमध्ये बसली. खरी एन्ट्रॉपीने स्थिर केलेली रचना ती. तिच्यात ४० टक्के धनायन, मॅग्नेशियम आणि जस्त, बिनचुंबकी आहेत. तरीही न्यूट्रॉन विवर्तनात १२० केल्विनच्या आसपास आणि खाली दूरवरची अँटिफेरोमॅग्नेटिक व्यवस्था दिसते, निकेल ऑक्साइडसारखीच. हेही समजण्यासारखं आहे. त्या रचनेत महत्त्वाची जोडणी ऑक्सिजनच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलेल्या धातूंची. त्या जोडणीचं जाळं साध्या घनाकृती जालकासारखं असतं, आणि ते जाळं तुटायला चुंबकी धातूंचं प्रमाण ३१ टक्क्यांच्या खाली जावं लागतं. इथे ६० टक्के आहेत.

लँथेनम पेरोव्स्काइटमध्ये (वेगळ्या स्फटिकरचनेच्या ऑक्साइडमध्ये) मात्र गोष्ट वेगळी, आणि तिथे ग्लासची भाषा बोलायला जास्त वाव आहे. तुमचेच पाच धातू तिथे एकाच प्रकारच्या जागेवर बसतात, शेजाऱ्यांच्या १५ जोड्या होतात आणि त्यांच्या दिशा एकमेकांशी जुळत नाहीत. लोह-लोह जोरात विरुद्ध, लोह-क्रोमियम काही नियमांप्रमाणे समांतर. नुसत्या लँथेनम फेराइटची व्यवस्था ७४० केल्विनपर्यंत टिकते, लँथेनम क्रोमाइटची २९० पर्यंत, लँथेनम निकेलेट तर चुंबकी व्यवस्थाच दाखवत नाही. तुमच्या पाच धातूंवर ग्लास शोधायचाच असेल, तर स्पिनेल सोडून तिकडे जा.

झेडएफसी-एफसीच्या फाट्याबद्दल फार लिहीत नाही. कोबाल्ट दोन-धनामुळे या फिल्मची कोअर्सिव्हिटी (चुंबकन उलटवायला लागणारं क्षेत्र) कमी तापमानाला हजारो एर्स्टेड असू शकते. १०० एर्स्टेडच्या क्षेत्रात मोजलं, तर कुठल्याही कडक फेरीमॅग्नेटचे दोन वक्र फाटणारच. ग्लास म्हणायचं असेल, तर एसी ससेप्टिबिलिटीत (उलटसुलट होणाऱ्या क्षेत्राला मिळणाऱ्या प्रतिसादात) शिखराचं तापमान वारंवारतेबरोबर सरकताना दाखवा. फिल्मचा एसी सिग्नल पकडणं कठीण जाईल, म्हणून टार्गेटच्या तुकड्यावर आधी मोजा.

चुंबकन निम्मं येण्याचा हिशेब आता लावता येतो. वरची वाटणी आणि फक्त स्पिनचे आघूर्ण धरले, तर चतुष्फलकी बाजूला ३.८ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकी आघूर्णाचं एकक) येतात. विद्युतभाराचा ताळा लावायचा, तर मँगनीज सरासरी ३.३३ धन धरावं लागतं, आणि मग अष्टफलकी बाजूला ६.२ येतात. वजाबाकी २.४ प्रति सूत्र, म्हणजे सुमारे ३०० ईएमयू प्रति घन सेंटिमीटर. पण हा आकडा शून्य केल्विनचा. तुम्ही ३०० केल्विनला मोजलंय, क्यूरी तापमानाच्या (जिथे चुंबकी व्यवस्था मोडते, इथे ते ४०० केल्विन) तीन-चतुर्थांशावर, तिथे चुंबकन एक-तृतीयांश उतरलं तरी मला आश्चर्य वाटणार नाही. आधी १० केल्विनचा लूप लावून बघा, तुलना त्याच्याशी करा. उरलेली तूट जागावाटणीतून येऊ शकते. दर सूत्रामागे ०.१ कोबाल्ट अष्टफलकी बाजूला गेला आणि तिथला ०.१ लोह चतुष्फलकीत आला, तर २.४ चे २.० होतात. एवढी अदलाबदल एक्सआरडीला कळतसुद्धा नाही, कारण हे पाचही धातू आवर्त सारणीत एका रांगेत शेजारी-शेजारी आहेत आणि क्ष-किरणांना जवळपास सारखे दिसतात. पीएलडीत लेसरच्या एका ठोक्याने आलेली वाफ सबस्ट्रेटवर क्षणात गोठते, अणूंना आपला आवडता पाट शोधायला वेळ मिळेलच असं नाही. पूड-नमुना १००० अंशांवर तासन्‌तास भाजलेला असतो. दोघांची वाटणी सारखीच असेल हे गृहीत धरू नका.

म्हणून माझा आग्रह मूलद्रव्यनिहाय मोजणीचा. क्रोमियमची एल-कडा (क्ष-किरणांचं शोषण एकदम वाढतं ती ऊर्जा) ५७५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळ, मँगनीज ६४०, लोह ७१०, कोबाल्ट ७८०, निकेल ८५३. एकाच बीमलाइनवर (सिंक्रोट्रॉनमधून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या मोजणी-केंद्रावर) एका दिवसात पाचही होतात. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर मृदू क्ष-किरण शोषणाची बीमलाइन आहे, निदान कोण किती धन आहे हे तिथे कळेल, आणि त्यातल्या मँगनीजच्या वक्राकडे पहिल्यांदा बघा. एक्सएमसीडी मिळाली तर कोणाचा आघूर्ण कोणत्या दिशेला, तेही चिन्हावरून कळतं. फक्त इलेक्ट्रॉन उत्सर्जनाने मोजताना वरचे जेमतेम पाच नॅनोमीटर दिसतात हे लक्षात असू द्या. फिल्म महिनाभर हवेत पडली असेल, तर नवी करून न्या.

क्रम मी असा ठेवेन: स्ट्रॉला भोकं पाडून परत मोजणी, रिकाम्या सबस्ट्रेटची मोजणी, (११५) चा नकाशा. हे तिन्ही याच आठवड्यात होण्यासारखं आहे. मग ३५० अंशांवर एक फिल्म आणि जाडीची मालिका. बीमलाइनचा अर्ज मात्र आजच टाका, त्याला महिने लागतात. आणि टार्गेटचा उरलेला तुकडा जपून ठेवा. न्यूट्रॉनसाठी फिल्म पुरणार नाही. मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टीवर वेळ मिळाला, तर तोच तुकडा कुटून न्यावा लागेल.